थोरल्यांचं टपाल

आमच्या कॉलेजातले गणिताचे सर कुठलंही वाक्य पूर्ण करत नसत. "ते जरा... तिकडचं... आपलं..." एवढं बोलून ते हात पुढे करत आणि समोरच्यानं खडू, हजेरीपट, छत्री किंवा चहा यांतली नेमकी हवी ती वस्तू त्यांच्या हातावर ठेवावी, अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असे. नवीन माणूस गांगरून जाई. जुने शहाणे झाले होते. ते चारही वस्तू आणून टेबलावर मांडून ठेवत. वर्गात तर कहरच. फळ्यावर तीन ओळी लिहायच्या, चौथीच्या जागी हवेत हात फिरवायचा आणि म्हणायचं, "मग काय, तसंच!" मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि निमूटपणे 'तसंच' असं वहीत उतरवून घेत.

घरीही तीच तऱ्हा. काकू एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "त्या मुंबईच्या मशीनले जेवढं समजावून सांगता न, त्याच्या पाव हिस्सा तरी मले सांगत जा."

सर हसून म्हणाले, "तुले कायले सांगाले पाह्यजे? तुले समजते."

"मले नाई समजत. मी अंदाज करतो," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मुंबईचं मशीन म्हणजे कॉम्प्युटर. ही साठीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा अमरावतीत हा शब्द माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातली निम्मी आमच्या स्टाफरूममध्ये सरांच्या तोंडून ऐकून ऐकून तयार झालेली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत ते यंत्र आलं होतं आणि सरांचा एक वर्गमित्र तिथे नोकरीला होता. त्या ओळखीवर सर अमरावतीत बसून मुंबईच्या यंत्रावर गणितं सोडवत. सर त्याला कॉम्प्युटर म्हणत नसत, थोरले म्हणत. गणित विभागात मूठ फिरवून चालवायचं आकडेमोडीचं एक लोखंडी यंत्र होतं, ते धाकटे. धाकटे खडखड करत एका मिनिटात एक गुणाकार करत. थोरले काय करत हे आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. सरांनीही नाही.

रीत अशी होती. चौकटी छापलेल्या कागदांवर सर एकेका चौकटीत एकेक इंग्रजी अक्षर लिहून थोरल्यांसाठी हुकूम तयार करत. ते कागद टपालानं मुंबईला जात. तिथल्या मुली ते वाचून जाड पत्त्यांवर भोकं पाडत. मग कधीतरी नंबर लागला की पत्त्यांचा गठ्ठा थोरल्यांपुढे ठेवला जाई. थोरले आधी ते सगळे हुकूम आपल्या स्वतःच्या भाषेत उतरवून घेत. उतरवताना कुठे अडलं तर पुढे एक पाऊल टाकत नसत. चुकांची यादी छापून मोकळे होत. सगळं बिनचूक उतरलं तरच गणिताला हात. यात थोरल्यांचा वेळ जाई अडीच मिनिटं आणि टपालाचा तीन आठवडे.

म्हणून या अर्धवट बोलणाऱ्या माणसाला थोरल्यांशी मात्र अक्षरन् अक्षर बोलावं लागे. "त्यांना काहीच समजत नाही हो," सर कौतुकानं म्हणत, एखाद्या गोंडस नातवाबद्दल बोलावं तसं. "ते तसंच म्हटलेलं चालत नाही. 'ते' म्हणजे काय, 'तसं' म्हणजे कसं, सगळं सांगावं लागतं. बिचारे!" आणि हे संपूर्ण वाक्य ते एका दमात पूर्ण करत. थोरल्यांबद्दल बोलताना त्यांचं एकही वाक्य अर्धं राहत नसे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

पहिल्या खेपेला थोरल्यांनी एकसष्ट चुकांची यादी पाठवली. दुसरा कोणी असता तर गुपचूप खणात टाकली असती. सरांनी ती विभागाच्या सूचनाफलकावर लावली, वर शाईनं ठळक लिहिलं, 'माझ्या चुका : ६१', आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवली. दुसऱ्या खेपेला चौदा. तिसऱ्या खेपेला दोन. तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे दिले. प्राचार्यांनी विचारलं, "गणित सुटलं का?" सर म्हणाले, "छे, गणित अजून सुरू कुठे झालंय? माझी भाषा समजली त्यांना."

टपालाचा एक दिवस वाचावा म्हणून ते पाकीट अमरावतीच्या पोस्टात टाकत नसत. सायकलवर टांग मारून बडनेऱ्याला जात आणि मुंबईच्या मेलला जोडलेल्या टपालडब्यात स्वतःच्या हातानं टाकून येत. गाडी सुटली की सिग्नलपर्यंत ती बघत उभे राहत. एकदा मी भावाला पोचवायला स्टेशनवर गेले होते, तेव्हा मी हे पाहिलं. मुलगी सासरी निघाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला हसू आलं होतं. आता आठवलं की हसू येत नाही.

एक चूक म्हणजे तीन आठवडे पाण्यात, म्हणून पाकीट जाण्याआधी रंगीत तालीम व्हायची. शनिवारी अर्ध्या दिवसाचं कॉलेज सुटलं की सर आम्हाला गणिताच्या हॉलमध्ये कोंडत आणि आम्हा सगळ्यांचे मिळून थोरले बनवत. संस्कृतचे प्राध्यापक फळ्यापाशी उभे राहून थोरल्यांची स्मरणशक्ती व्हायचे. फळ्यावर बारा घरं. नवा आकडा आला की त्या घरातला जुना पुसायचा. "पूर्वीचं पुसून टाकायचं?" ते दर खेपेला कुरकुरत. "आमच्या शास्त्रात असं करत नाहीत." फिजिक्सचे सर धाकट्यांची मूठ फिरवत. मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. माझ्याकडे काम होतं 'जर' होण्याचं. दारात उभं राहायचं, हातात आलेल्या चिठ्ठीवरचा आकडा शून्यापेक्षा लहान असला तर ती डावीकडे द्यायची, नाहीतर उजवीकडे. एकदा एक चिठ्ठी पाऊण तास हॉलभर फिरत राहिली. दर खेपेला माझ्याकडे यायची, मी उजवीकडे द्यायची आणि ती पुन्हा माझ्याकडे. चहा निवला, फिजिक्सच्या सरांचा हात भरून आला, संस्कृतवाले फळ्याला टेकून चक्क पेंगायला लागले. सर मात्र आनंदानं नाचायचे बाकी राहिले. "चूक सापडली! थोरले बिचारे मुंबईत असेच फिरत राहिले असते!"

हा सगळा खटाटोप चालला होता तो त्यांच्या बहिणीसाठी, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

सर शेतकऱ्याच्या घरातले, शिकलेले पहिले. त्यांची थोरली बहीण, अक्का, अकोल्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावात दिली होती. तो सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस उत्तम, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अक्का लग्न होऊन गेल्या तेव्हापासून दीड कोसावरून गोडं पाणी डोक्यावर आणत होत्या. साठी आली तरी पहाटेची एक खेप चुकली नव्हती. गावानं श्रमदान करून तीन विहिरी खणल्या होत्या, तिन्ही खाऱ्या. चौथीसाठी आता कोणी कुदळ उचलायला तयार नव्हतं. अक्कांनी भावाला विचारलं होतं, "तू एवढा गनिताचा मास्तर. आमच्या गावात गोडं पानी कोठी लागते, ते सांग न."

सरांनी हा प्रश्न मनावर घेतला. बहिणीचं गाव आणि आजूबाजूची गावं मिळून चाळीस विहिरी त्यांनी सुट्ट्यांमध्ये पायी हिंडून पाहिल्या, खोली मोजली, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून आणलं. बाटलीवर कागद डकवून नंबर घातला. चाळीस विहिरींची चाळीस समीकरणं, एकमेकांत गुंतलेली. धाकट्यांवर रोज दोन तास घातले तरी वर्ष गेलं असतं आणि मध्ये एक हातचा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून थोरले.

बाटल्यांमधला खारेपणा मोजायचं काम माझं. पाण्यात थेंबथेंब औषध सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते लिहायचं. गोड पाण्याला थोडं लागतं, खाऱ्याला खूप. एका बाटलीपाशी मी थांबले. नंबर चार. अक्कांच्या गावातली पूर्वेकडची पडकी विहीर, कित्येक वर्षांत कोणी न वापरलेली. आजूबाजूच्या बाटल्यांना साठ-सत्तर थेंब लागत होते, हिला सहा.

मी सरांना म्हटलं, "सर, हे फारच गोड आहे. पुन्हा एकदा आणता का?"

"गोड आहे?" त्यांचे डोळे असे काही चमकले की मी पुढचं बोललेच नाही. "मग! तिथंच असणार. तिकडे जमीन जरा... नाल्याच्या बाजूनं... आपलं..."

दोन चुकांसाठी तीन आठवडे थांबणारा माणूस या आकड्यापाशी थांबला नाही. आणि मीही थांबवलं नाही. मलाही वाटत होतं की असावं गोड. हे मी आज कबूल करते.

होळी झाली आणि थोरल्यांचं टपाल आलं. या वेळी चूक एकही नव्हती. कडेला भोकं असलेला घड्याघड्यांचा लांबलचक कागद, त्यावर चाळीस उत्तरं, आठ-आठ दशांश स्थळांपर्यंत. सरांनी तो स्टाफरूमच्या टेबलावर उलगडला तर दुसरं टोक खाली लोंबायला लागलं. अक्कांच्या गावाच्या पूर्वेला, पडक्या विहिरीपासून पन्नास पावलांवर गोडं पाणी. सरांनी लगेच गावी पत्र टाकलं आणि ते, काकू आणि मी अशी तिघं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत एसटी, तिथून बैलांची दमणी. कागद सरांच्या मांडीवर होता. बैल उधळले असते तरी त्यांनी आधी कागद सांभाळला असता.

गाव पारावर जमलं होतं. सरांनी कागद उलगडून दाखवला. कोणाला काही कळलं नाही, पण इतका लांब कागद खोटं बोलणार नाही अशी सगळ्यांची खात्री पटली. सरपंच म्हणाले, "मास्तर, तीन डाव हात पोळले आमचे. पन आता तुमी सांगून राह्यले म्हून गाव अखीन एकडाव उठते. परत नाई उठनार." दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून कामाला हात घालायचं ठरलं. कुदळी, फावडी, टोपल्या पाराशी येऊन पडल्या. अक्का बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर त्या दिवशी जरा मागे सरकलेला होता आणि बायका त्यांना वाट देत होत्या.

दुपारी जेवणं झाली. काकू आतल्या खोलीत कलंडल्या. सर ओसरीवर, मी चुलीपाशी अक्कांना भांडी उचलून देत होते. अक्कांनी माठातलं पाणी मला दिलं आणि म्हणाल्या, "उद्या जातानी बाटली भरून देईन. रस्त्यानं ऊन लय हाय. मांगच्या टायमाले भावाले भरून देल्ली होती तशीच."

"कोणती बाटली, अक्का?" सरांनी ओसरीवरून विचारलं. सहज विचारलं.

"ते नाई का, कागद चिटकवेल. तू सकाळच्या पाह्यरी आलता, माया हातात देली न म्हनलं, 'अक्का, ही जरा... तिकडून... भरून ठेवजो,' न गेला निंगून वावराकडं. म्या माठातलं गोडं पानी भरून ठेवलं. म्हनलं, अमरावतीपरेंत जाशीन, तहान लागन. पेला का नाई?"

मी सरांकडे बघितलं. ते एकटक चुलीकडे बघत होते. म्हणाले, "पेलो. लय गोड होतं."

मग ते उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चला जरा." आम्ही पूर्वेच्या पडक्या विहिरीपाशी गेलो. पायऱ्या ढासळलेल्या होत्या. पंचावन्न वर्षांचा माणूस, धोतर खोचून दगडांना धरत धरत खाली उतरला. मी वरून "सर, नको, सर, सांभाळून," म्हणत राहिले. तळाशी हिरवट पाणी होतं. त्यांनी पाला बाजूला सारला, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. मग तसेच बसून राहिले, खालच्या पायरीवर. ते थुंकलेही नाहीत. वरून मला त्यांचा विरळ केसांचा माथा तेवढा दिसत होता, आणि मला रडू आलं.

वर आल्यावर ते म्हणाले, "थोरल्यांना मी अक्षरन् अक्षर सांगितलं. तिला..." वाक्य तिथेच राहिलं.

मी म्हटलं, "आता गावाला काय सांगायचं? अक्कांनी..."

"अक्कांचं नाव घ्यायचं नाही." इतकं तोडून ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "या गावात चाळीस वर्षं राहिली ती. अजून राहायचंय तिला. नाव घ्यायचं नाही. मुंबईतही नाही, कॉलेजातही नाही, घरीही नाही. समजलं?" आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी विचारलं, "काय समजलं ते सांगा बरं."

मी सांगितलं.

दिवे लागायच्या आधी त्यांनी गाव पुन्हा पारावर गोळा केलं. उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या खनू नका. माया गनितात चूक झाली. पूर्वेकडं गोडं पानी नाई."

मग सरपंच म्हणाले, "असं कसं मास्तर? सकाळी तं कागद दाखवला. मशीन चुकली का?"

"मशीन नाई चुकली. म्या चुकीचं विचारलं. म्या."

"मंग आत्ताच काहून ध्यानात आलं?"

"आलं," सर म्हणाले.

मागून एक तरुण हसला. "मास्तरची मशीन अखीन पयलीत हाय वाटते." मग बरेच जण हसले. माणसं एकेक करून उठली आणि आपापली कुदळ, आपापलं फावडं घेऊन घरी गेली. सर तिथेच उभे होते, शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या मुलासारखे. अक्का बायकांच्या घोळक्यातून निघाल्या, सगळ्यांच्या देखत त्यांच्यापाशी आल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे भाऊ. होते चूक. मानसाच्या हातून होते." सरांनी मान हलवली.

सोमवारी विभागाच्या फलकावर कागद लागला, 'माझी चूक : १'. खाली एवढंच, 'विहीर क्र. ४'. स्टाफरूममध्ये महिनाभर हाच विषय होता. एवढ्या मुंबईच्या बाता, एवढ्या रंगीत तालमी, आणि शेवटी गावकऱ्यांनी हसून घालवलं. संस्कृतवाल्यांनी एक श्लोकही रचला. सर तो ऐकून दाद देत. मी एकदा न राहवून म्हणाले, "सर, मी सांगू का यांना?" त्यांनी चष्म्यातून फक्त बघितलं.

पडक्या विहिरीचं खरं पाणी त्यांनी त्याच दिवशी बाटलीत भरून आणलं होतं. ते मी मोजलं. सत्तर थेंब. चौकटींचा एकच कागद बदलायचा होता. सरांनी तो बदलला, बडनेऱ्याला नेऊन टाकला आणि तीन आठवडे वाट पाहिली. थोरल्यांनी उत्तर पाठवलं. त्या गावात गोडं पाणी कुठेच नव्हतं. उत्तरेला नाही, नाल्याकाठी नाही. सर एकटेच जाऊन अक्कांना सांगून आले. त्या काय म्हणाल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. थोरल्यांना त्यांनी पुन्हा काही पाठवलं नाही. त्या गावात नळ आला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि तोवर सर नव्हते.

ते गेले निवृत्तीच्या आतच, झोपेत. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंशेजारी अक्का बसल्या होत्या. वाकल्या होत्या, मान हलत होती, पण त्यांनी मला ओळखलं. मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ भावाच्या लहानपणाचं सांगत राहिल्या. गुरं चारून आला की भिंतीवर कोळशानं पाढे लिहायचा, आमच्या घरात तेवढाच एक हुशार. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

"एवढ्या जिनगानीत एकडावच चुकला तो. आमच्या गावात. लोक लय हासले. त्याच्या जिवाले लागलं होतं ते, मले ठाऊक हाय. तोंडानं नाई बोलला कधी." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पन म्या त्याले तवाच माफ केलं होतं, पोरी. मनात काई ठेवलं नाई. त्याले समजलं असन न?"

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. बाटली, माठ, सहा थेंब. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं घागर धरून बोटं वाकडी झालेली.

"समजलं होतं, अक्का," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं मला."